हुंबरखोलच्या व्हाळावरची हाक

हुंबरखोलात बाई बाळंतपणात अडली की घरचा पुरुष आधी गावाकडेच्या ओढ्यावर, चेटकिणीच्या व्हाळावर जातो आणि पलीकडे तोंड करून तीनदा हाक मारतो, "येसूबाय, ये गो!" मगच बाईला रिक्षात बसवतात. नवखा माणूस हसतो. हसू नये.

येसू ही पूर्वीची गावची सुईण. असे सांगतात, की निम्मं गाव तिच्या हातांत जन्मलं. नाळ कापून झाली की पसाभर तांदूळ आणि "तुझा हात देवाचा गो बाये," एवढं घेऊन ती घरी यायची. पण खोताच्या सुनेला मेलेलं मूल झालं आणि त्याच तोंडांतून शब्द निघाला, चेटकीण. नवरा नाही, पोर नाही, वर झाडपाला ओळखते; आणखी काय हवं?

खोताने कौल लावायला सांगितला. धोंडू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर येसूच दोषी. पाकळी पाण्यात भिजवली तरच धरते. उजवी त्याने कोरडीच लावली म्हणे. खोताची जमीन कसत होता ना. पाकळी लागलीच पडली. येसूने ते पाहिलं.

"धोंड्या, तुका ह्याच हातांनी काढलंय मी," एवढंच ती बोलली.

गावाने तिला व्हाळापलीकडे घालवली आणि तिचं नाव तोंडात न आणण्याची देवापुढे शपथ घेतली. जाताना ती म्हणाली, "नावानं हाक मारल्यात तर येतलंय. त्या शब्दानं नाय."

दोन वर्षांनी धोंडूची लेक अडली. मूल आडवं. भर दुपारी तो धावत येताना दिसला, तशी येसू समजली. तेलाची वाटी घेऊन ती काठावर आली. धोंडूने तोंड उघडलं आणि मिटलं. नाव घेतलं तर शपथ मोडणार, कौलही खोटा ठरणार.

"नाव घे रे," येसू पुटपुटली. जाऊ दे मेलं नाव, पोर मरतेय तिकडे, असं म्हणून तिने पाण्यात पाय घातलासुद्धा. तेवढ्यात धोंडू ओरडला, "गो चेटकिणी, चल!"

तिने पाय मागे घेतला.

संध्याकाळी पलीकडून, धोंडूच्या घरातून, मयताचं रडणं ऐकू आलं. येसू तिथेच बसून राहिली, आणि तिथेच गेली म्हणे.

त्यानंतर गावाने शपथ सोडली आणि ही हाक सुरू झाली. आजही हाक मारली की 'ओ' येईपर्यंत थांबायचं असतं. कुणी थांबत नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. आणि त्या पाण्याला येसूचा व्हाळ म्हणायला हुंबरखोलात अजून कुणाची जीभ वळलेली नाही.