वाळ्याची जुडी

कुसुमवती नगरीवर भद्रवर्मा राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने तेथील एका अत्तर करणाऱ्या गंधिकाच्या कुळात जन्म घेतला होता. लोक त्याला सोमिल म्हणत. राजाचा गंधिक मात्र वृद्ध पूर्णक होता. सोमिलाचे नाव निघाले की तो म्हणे, "त्याला कमळ आणि कण्हेर यांतला भेद तरी कळतो का?"

एकदा तापातून उठल्यावर पूर्णकाला कोणताच वास येईना. त्याने ही गोष्ट पत्नीलाही सांगितली नाही. पद गेले तर आपण कोणीच उरणार नाही, या भीतीने त्याला ग्रासले.

अशात राजमातेने नवे अत्तर मागवले. प्रथम मोगरा दरवळावा, मग बकुळ यावी आणि दोन्ही उडून गेल्यावर वाळ्याचा गारवा दिवसभर मनगटावर राहावा, अशी तिची इच्छा होती. पूर्णकाने चाळीस वर्षांच्या सवयीने प्रमाण धरले. परंतु अर्क काढून वाळत घातलेली वाळ्याची जुडी ताजी समजून त्याने पुन्हा भट्टीत घातली. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. भेद केवळ नाकाला कळतो.

भरसभेत राजमातेने अत्तर लावले. मोगरा आला, बकुळ आली. घटकाभराने काहीच उरले नाही. राजाने सोमिलाला बोलावले.

"परीक्षा कर. दोष ठरला तर पूर्णकाचे पद तुझे."

सोमिलाने वास घेतला आणि मान खाली घातलेल्या पूर्णकाकडे पाहिले. त्याला सारे उमगले.

"महाराज, वाळा निःसत्त्व होता," तो म्हणाला. "पण मोगरा कोठे सरला आणि बकुळ कोठे सुरू झाली, हे मला सांगता येणार नाही. असा सांधा मला या जन्मी साधायचा नाही. पद आचार्यांकडेच राहू द्या. मला त्यांच्या भट्टीवर जुड्या निवडायला ठेवा."

पूर्णकाला राहवेना. "महाराज, तापाबरोबर माझे घ्राणही गेले. मी ते लपवले. आणि याला मी नगरभर हिणवत आलो."

"बिननाकाचा गंधिक!" सभेत कोणी हसले.

"हात आहेत ना?" सोमिल म्हणाला. "नाक माझे घ्या."

राजाने ते मान्य केले. पूर्णक जिवंत असेतो सोमिल त्याच्या हाताखालीच राहिला.

ही कथा सांगून शास्ता भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पूर्णक तो आज येथे बसलेला स्थविर वप्पिल. राजा तो या विहाराचा दाता. सोमिल मीच होतो. सत्य न सोडता दुसऱ्याची लाज राखणे, ही करुणा होय."