सगुणेची डोली

डोंगराच्या ऐन कड्यावरच्या कातळवाडीत श्रीसहजनाथ महाराज सात वर्षे राहिले. मारुतीच्या देवळाची पडवी हाच त्यांचा मठ. वाडीला खाण्यापिण्याची ददात नव्हती, दुःख एकच होते. दवाखाना होता खाली बंदरावर, आणि उतरायला कड्याची पायवाट. दुखणेकऱ्याला कुणीतरी पाठकुळी घेऊन उतरायचे. ज्याला पाठीवर बसवत नसे तो घरीच राही, आणि बहुधा घरातच संपे. कारण जित्या माणसाला चौघांनी खांद्यावर घेणे वाडीत महाअशुभ मानत.

सगुणा बुरडीण सुपे-टोपल्या विणून पोट भरी. तिची एकुलती लेक अशीच बाळंतपणात अडली आणि उंबऱ्याच्या आतच गेली. लेकीचे तेरावे झाल्यावर सगुणेने चांगले जून बांबू निवडले आणि माणूस आरामात निजेल अशी डोली विणली. ती आणून तिने महाराजांपुढे ठेवली.

पडवीत दाजीबा खोत बसले होते. देवाच्या पालखीचा पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा, आणि त्याचा तोरा त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसे. ते म्हणाले, "सगुणे, तिरडीचे बांबू पुरवतेस तेवढं पुरे. जित्या माणसाला चौघांवर चढवायची एवढी घाई कशाला?"

पडवीतले सगळे हसले. सगुणेला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

महाराज मात्र डोलीवरून हात फिरवीत म्हणाले, "वीण झकास जमली आहे. चुलीवर टांगून ठेव, धुराने कीड लागायची नाही. हिला काम आहे."

वर्षभर डोली चुलीवर काळवंडत राहिली. लोक येताजाता टोमणे मारीत. पण महाराजांचा शब्द सगुणेने मनात घट्ट धरला होता. रोज ती डोली खाली काढी, पुसे आणि पुन्हा टांगी.

शिमगा आला. घरोघर फिरत पालखी भरदुपारी खोतांच्या अंगणात टेकली. नेमकी तेव्हाच आत त्यांची लेक यमुना अडली होती. पहिलटकरीण पोर, बाळंतपणाला माहेरी आलेली. सुईण घाम पुसत बाहेर आली.

"मूल आडवं हाय, खोतानू. माझ्या हातचं नाय ह्ये. बंदरावर न्या. पण पाठकुळी नको, वाटंतच जाईल पोर."

पालखीमागच्या गर्दीतून सगुणा धावत घरी गेली, डोली घेऊन आली आणि अंगणात ठेवून म्हणाली, "हिच्यात निजवा."

कुणी पुढे येईना. "हे अभद्र दारात नको," खोत म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "आधी पालखी उचला. देव पुढं जाऊ दे, मग बघू."

चौघे वाकले. पालखी हलेना. आठ जण लागले, तरी ती तसूभर हलेना. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, तरी तेच. काय ती भगवंताची लीला!

इतक्यात महाराज सावकाश चालत आले. "कशाला ओढताय देवाला? तो निवांत बसलाय. म्हणतोय, पोर परत येईतो माझे भोई मोकळे." मग खोतांकडे वळून म्हणाले, "दाजीबा, देव तर पिढ्यान्‌पिढ्या चौघांच्या खांद्यावर फिरतो. तो मेलेला आहे का?"

खोतांनी लेकीला डोलीत निजवले आणि पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. मग तिघे आपोआप आले. भरल्या दिवसांची बाई, पण डोली फुलासारखी हलकी लागत होती. सगुणा यमुनेचा हात धरून शेजारून चालत होती, आणि तिच्या मनात राहून राहून आपलीच लेक येत होती.

दवाखान्यात यमुनेला मुलगा झाला. "वेळेवर आणलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी डोली बाळ-बाळंतिणीला घेऊन वर आली. तोवर देव खोतांच्या अंगणातच मुक्काम ठोकून होता. आता दोघांनी हात लावताच पालखी अलगद उठली.

खोत महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि सगुणेकडे बोट दाखवले. साऱ्या वाडीदेखत खोत तिच्यापुढे वाकले.

"सगुणाबाई, चुकलो मी. पालखीचा पहिला खांदा आता कुणीही घ्या. डोलीचा तेवढा माझ्या घराला द्या."

सगुणेचा ऊर भरून आला. डोळे पुसून ती म्हणाली, "दिला. पण शकुन बघत बसायचं नाय, खोतानू. हाक आली की निघायचं."

तेव्हापासून डोली देवळात पालखीशेजारी टांगलेली असते, आणि शिमग्यात पहिला गुलाल तिला लागतो.