खरा राघो हजर करा!

राघो तांबट हा राघो तांबट नव्हेच, असं राजाच्या सही-यंत्रानं भर दरबारात जाहीर केलं! बिचारा आला होता दुकानाचा परवाना नवा करून घ्यायला. काचेच्या पडद्यावर त्यानं सही केली, यंत्रानं ती त्याच्या तरुणपणच्या सहीशी ताडून पाहिली आणि बोंब ठोकली, "तोतया! तोतया!"

"अहो, हातोडी बसून बसून अंगठा वाकडा झालाय माझा," राघो कळवळला. "सही सरळ कुठून येणार?"

राजा चंडप्रतापाला त्या यंत्राचं भारी कौतुक. राणीपेक्षा जास्त, असं राणीच म्हणायची. तो गरजला, "यंत्र चुकत नाही! दुकानाला टाळं ठोका, याला बेड्या घाला. खरा राघो हजर होईपर्यंत हा सुटायचा नाही!"

आता दुसरा राघो आणायचा कुठून? होता नव्हता तो बेड्यांत!

दुसऱ्या दिवशी राघोला दरबारात उभं केलं, तेव्हा त्याची मुलगी येसू पुढे आली.

"खरा राघो देते, महाराज. पण पोच हवी. खऱ्या राजाच्या सहीची, याच यंत्रावर!"

प्रधान उसळले, "पोरी, महाराजांवर संशय?"

"छे हो! यंत्रापुढे सगळे सारखे, अशी दवंडी तुम्हीच पिटलीत ना?"

राजानं मिशीला पीळ दिला आणि झोकात सही ठोकली. यंत्रानं त्याची राज्याभिषेकाची सही शोधून काढली. तेव्हा महाराज होते आठ वर्षांचे. अक्षरं उताणी पडलेली आणि खाली चक्क एक पतंग!

"तोतया! तोतया!"

बेड्यावाला शिपाई सवयीनं राजाकडे सरकला, मग घाबरून छताकडे बघू लागला. राणीनं तोंडाला पदर लावला.

"तो पतंगवाला राजा गेला कुठे, महाराज?" येसूनं विचारलं.

"गेला कुठे म्हणजे? हा काय, तुझ्यासमोर बसलाय! मोठा झालाय!"

"मग आमचे तरुण आबाही कुठे गेले नाहीत. हे काय, बेड्या घालून उभे आहेत. द्या पोच!"

राजा असा हसत सुटला, की मुकुट घरंगळून प्रधानांच्या पायाशी गेला!

राघोच्या बेड्या निघाल्या, दुकानाचं टाळं निघालं, राजवाड्यातले सगळे बंब घडवायचं कामही त्यालाच मिळालं. दर दसऱ्याला सगळ्यांच्या ताज्या सह्या यंत्राला दाखवायच्या, हा अधिकार येसूकडे आला, आणि वर सोन्याचं कडं!