एका मेलेल्या क्रियापदाचा अर्थ

“पण मग ते मेलं कधी?” आढाव सरांनी विचारलं.

सुमंत खुर्चीत पुढे सरकला. असा प्रश्न विचारणारा माणूस त्याला फार दिवसांनी भेटला होता.

“शब्द असा एका दिवसात मरत नाही, सर. आधी तो बोलण्यातून जातो. मग कवितेत थोडे दिवस राहतो, म्हाताऱ्या पाहुण्यासारखा. मग तिथूनही उठतो.”

सरांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर सुमंतचं पुस्तक होतं. चारशे बारा पानं, कापडी बांधणी. सगळी पानं इंग्रजीतल्या एकाच क्रियापदावर, ‘वीन’वर. आता ते कुणी बोलत नाही आणि लिहीतही नाही. सुमंत पगारेनं इंग्लंडात राहून त्याच्यापायी नऊ वर्षं घातली होती.

त्याला इंग्रजीची पहिली अक्षरं सरांनी गिरवून दिली होती, सरांच्या घराच्या या व्हरांड्यापलीकडच्या मिशन शाळेत. त्याचे वडील लुकास त्याच शाळेत शिपाई होते. तास संपला की घंटा द्यायचे, आणि मधल्या वेळात खिडकीतून मुलाकडे बघत उभे राहायचे.

“अर्थ काय होता त्याचा?” सरांनी विचारलं.

“तीच तर गंमत आहे. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ आशा धरणं, अमुक होईल म्हणून वाट बघणं, असाही होता. आपल्या ‘वांछा’शी त्याचं लांबचं नातं लावतात. पुढे आशा गळत गेली. नुसतं समजणं, मानणं राहिलं. मग उगाच समजून बसणं. नसलेलं आहे असं वाटणं.”

“हं…”

“जर्मनमध्ये त्याचा भाऊ अजून जिवंत आहे. त्याचा अर्थ तर सरळ भ्रम असणं असाच होतो.”

फाटकाशी कडुनिंबाची वाळकी पानं पडली होती. कुणी झाडली नव्हती.

“आणि इंग्रजीत त्याचं काय उरलंय?”

“एकच शब्द, सर. ओव्हरवीनिंग.”

“म्हणजे?”

“गर्विष्ठ. स्वतःला नको तेवढं मानणारा.”

“एवढंच उरलं?”

“एवढंच.”

सरांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. सुमंत शाबासकीची वाट बघत होता. मुंबईत दोन व्याख्यानं झाली होती, पुण्यात तीन. टाळ्या झाल्या, हार झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. तरी या माणसाच्या तोंडून ‘बरं केलंस’ ऐकल्याशिवाय त्याला ते सगळं अर्धंच वाटत होतं.

“अर्पण कुणाला केलंयस?”

“तुम्हाला, सर.”

सरांनी पुस्तक उघडलं नाही.

“मला आता वाचता येत नाही रे,” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरातलं तेवढं दिसतं.”

सुमंत विषय बदलत म्हणाला, “घरी जाऊन आलो मघाशी. कुलूप होतं. बाबांना अक्का तिच्याकडे घेऊन गेली का?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून उठले, पुस्तक काखेत घेतलं आणि आत गेले. सुमंत मागोमाग गेला.

आतली खोली लहान होती. खिडकीशी एक बाज. तिच्यावर गादी नव्हती, गोधडी नव्हती. दोऱ्यांना मधोमध झोळ पडला होता, माणसाच्या अंगाएवढा. कोपऱ्यात एक वाटी, एक चमचा, औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. खिडकीतून मागचं अंगण आणि त्यापलीकडचा रस्ता दिसत होता. अंगणात गादी वाळत घातली होती.

सरांनी ते पुस्तक बाजेवर, त्या झोळात ठेवलं.

सुमंतला आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

“कधी?”

“गुरुवारी. दुपारी.”

आज सोमवार होता. गुरुवारी तो पुण्यात होता.

“अंगावरून वारं जाऊन उजवी बाजू लुळी पडल्यापासून मी त्याला इथंच आणलं होतं,” सर म्हणाले. “तो आजारी आहे, ये, एवढं तुला कळवलं होतं मी. दोनदा.”

दोन्ही पत्रं त्याला मिळाली होती. पहिल्याला त्यानं उत्तर लिहिलं होतं, पुस्तक छापून झालं की येतो. दुसऱ्याला, एवढी व्याख्यानं आटोपली की निघतोच.

“बुधवारी पोस्टातून फोनही लावला होता. तुझं भाषण चालू होतं. निरोप देतो म्हणाले.”

निरोप मिळाला होता. व्याख्यानानंतर कुणीतरी हातात चिठ्ठी दिली होती, ‘गावाहून आढाव सरांचा फोन’. अभिनंदनाचा असेल म्हणून त्यानं ती वाचून न वाचल्यासारखी खिशात घातली होती आणि पुढच्या माणसाला सही दिली होती. तो कोट आताही त्याच्या अंगात होता. त्यानं खिशाला हात लावला नाही.

“आल्या आल्या का नाही सांगितलंत, सर?”

“तू बोलत होतास.”

सुमंत खाली बसला. जमिनीवरच. मग त्यानं विचारलं, “काही… काही म्हणाले का माझ्यासाठी?”

“त्याची वाचा गेली होती. एकच शब्द राहिला होता तोंडात. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. भूक लागली तरी तोच, दुखलं तरी तोच.”

“कोणता?”

“वाटतं.”

“वाटतं?”

“हो. नुसतंच. पेपरातला तुझा फोटो मी त्याच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हाही तेच म्हणाला. वाटतं. मग खिडकीकडे हात केला. त्याची बाज मला खिडकीशी ओढायला लावली त्यानं. तिथून एसटीचा रस्ता दिसतो.”

“पण काय वाटतं?” सुमंतनं मान वर केली. “पुढे काहीतरी असेल ना, सर? नुसतं वाटतं म्हणजे काय?”

सर त्याच्या शेजारी, जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते, तरी बसले. एक हात त्याच्या पाठीवर ठेवला.

सुमंत हुंदके देत म्हणाला, “मला त्याचा अर्थ सांगा.”

सरांनी खिडकीकडे पाहिलं.

“पाचची एसटी येईपर्यंत एक अर्थ असायचा,” ते म्हणाले. “ती गेली की दुसरा.”