सतरा पोटांवरचा डाग

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, कारण सांगणारा प्रत्येक जण वेगळंच सांगतो, बोरवंड गावात ठकूबाई नावाची परटीण राहत होती. एवढं मात्र नक्की. सबंध गावाचं धुणं तिच्या घाटावर यायचं. कुठलं धोतर कुणाचं हे कळावं म्हणून ती बिब्ब्याच्या काळ्या तेलानं कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करायची. कुणाला दोन ठिपके, कुणाला फुली. तो डाग दगडावर कितीही आपटला तरी जात नाही. असं म्हणतात, उभ्या जन्मात तिच्या हातून एका घरचं फडकं दुसऱ्या घरी गेलं नाही.

पुढे साथ आली. कसली, त्यावरही एकमत नाही. माणसं पटापट गेली, उरलेल्यांतली कितीतरी पोटासाठी परमुलखात गेली आणि लेकरं मागे राहिली. ठकूबाई धुण्याचं गाठोडं घेऊन घाटावर जायची आणि येताना गाठोड्यावर एखादं पोर बसलेलं असायचं. होता होता सतरा झाली. घर केवढं, तर दोन खणांचं. तरी असं म्हणतात, सतराच्या सतरा तिच्या एका लुगड्याखाली निजायची आणि कुणाचा पायसुद्धा बाहेर राहायचा नाही. लुगडं वाढायचं की पोरं लहान व्हायची, देव जाणे.

गाव मदत करायचं, नाही असं नाही. पण भाकरीबरोबर चौकश्याही यायच्या. हे कुणाचं, ते कुठल्या जातीचं, हिची आई मेली की टाकून गेली? ठकूबाईचं डोकं फिरायचं. तिनं सगळ्यांचे केस एकसारखे कापले, एकाच ताग्याची कुडती शिवली, नावंसुद्धा नवी ठेवली. आता ओळखा म्हणावं!

पाटील एकदा म्हणाला, "ठकूबाई, कापडावर खुणा करतीस, मग पोरांवर काय तरी खूण नगं? उद्या येकाद्याची आय आली तर?"

"कापडं ज्याची त्याला परत द्यायची असत्यात, पाटील. ह्यास्नी न्ह्यायला कोण येतंय?"

ती तिथंच चुकली, असं जुनी माणसं म्हणतात. मी तिला चूक म्हणू की नको, अजून ठरलेलं नाही.

कारण पाचव्या वर्षी एक बाई आलीच. म्हाळसा तिचं नाव. भर दुपारी अनवाणी आली आणि उंबऱ्याशी मटकन बसली.

"पाच वर्सामागं हितल्या देवळाच्या पायरीवर माजी तान्ही पोर ठिवली हुती. जित्ती हाय का?"

ठकूबाईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. त्या साली तिनं चार तान्ह्या पोरी उचलल्या होत्या.

"काय खूण?"

"ताप आल्ता तवा पोटावर बिब्बा लावल्ता. त्येचा डाग असंल."

"आदी दोन घास खा. पोरं घाटावर हायती, येतील इतक्यात."

घरात एक पोर मात्र होती. तापानं पडलेली. तिनं सगळं ऐकलं, आणि ताप अंगात घेऊन ती घाटाकडे पळत सुटली. कपड्यांच्या खुणांसाठी ठेवलेले बिब्बे घाटावरच असायचे.

पोरं आली ती ओळीनं. दारात उभी राहिली आणि एकदम कुडती वर केली. सतरा पोटं आणि सतरा काळे डाग! त्यात अकरा तर मुलगे. बाई मुलीला शोधायला आली आहे, हे त्यांना सांगण्यात काही अर्थ होता का? बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. पोटं लाल झाली होती, पण एकही पोर रडलं नाही. रडलो तर आपण खोटे ठरू, असं प्रत्येकाला वाटत असणार.

आणि जिचा डाग खरा होता, तिनंही त्याच्यावर नवा लावून घेतला होता. का? जुना फिका पडला म्हणून, की एकटीच वेगळी नको म्हणून? मी कितीदा ही गोष्ट सांगितली, पण मला ते कळलेलं नाही.

म्हाळसा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही सुधरेना. मग तिनं खोबरेलाची वाटी मागितली आणि पहिल्या पोटाला बोट लावलं. आठ दिवस ती सतरा पोटांना तेल लावत होती. नवव्या दिवशी सूज उतरली. डाग सगळे सारखेच राहिले.

पण रोज आंघोळ घालणारीला ठाऊक नसेल? ठकूबाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. ती म्हाळसाला म्हणाली, "सांगू का?"

म्हाळसानं मान वर केली. भिंतीला टेकून सतरा जण उभे होते.

"नगं, आक्का," ती म्हणाली. "तुमी येकीचं नाव घेतलं की सोळा जणांची आय गेली."

आणि ती राहिली. असं म्हणतात, पुढे एका सकाळी ठकूबाई घाटावर गेली ती परत आलीच नाही; धुतलेलं, घडी घातलेलं गाठोडं मात्र आपोआप दारात आलं. तिनं जाण्याआधी म्हाळसाला नाव सांगितलं, असं काही म्हणतात. म्हाळसानं कान झाकून घेतले, असं काही म्हणतात. मला दोन्ही खरं वाटतं, आणि त्यानं माझा गोंधळ वाढतोच.

बोरवंडात आज ठकूबाईच्या नावाचं बालगृह आहे. अधीक्षक आहेत, कपाटात फायली आहेत, प्रत्येक मुलाचा ठावठिकाणा त्यात नीट लिहिलेला आहे, आणि ते हवंच. पण भेटीच्या दिवशी कुणाचीही आई आली, तरी फाटकावरचा माणूस एकच हाक देतो, "पोरांनो, आई आली!" मग त्या बाईनं वाटीत बोट बुडवून आधी प्रत्येकाच्या पोटाला खोबरेल लावायचं आणि मग आपलं मूल जवळ घ्यायचं. एसटी चुकली तरी चालेल. ज्यांच्याकडे कुणीच येणार नसतं, ती पोरं रांगेत सगळ्यांत पुढे असतात, सदरा आधीच वर धरून.