केतुराबाईने बुजवलेलं दार

फार वर्षं झाली त्या गोष्टीला. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. गावात थोडी ख्रिस्ती घरं होती, काही वरच्या आळीत, काही खालच्या आळीत. देव एकच मानला, पण आळ्यांचं जुनं वैर सुटलं नव्हतं. वरचे खालच्यांच्या हातचं पाणी पीत नसत. खालचे वरच्यांच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवत नसत. उपासना चिंचेखाली भरे, आणि तिथंही झाडाच्या एका अंगाला हे बसत, दुसऱ्या अंगाला ते.

वरच्या आळीत केतुराबाई नावाची विधवा राहत असे. गवताचे भारे विकून ती पोट भरी. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की ती मागे हटत नसे.

एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "सुगीनंतर बिशपसाहेब येणार आहेत. तोवर आपलं उपासनेचं मंदिर उभं राहिलं तर ते त्याचं समर्पण करतील. नाही राहिलं, तर तुम्हाला नदीपलीकडच्या गावच्या मंडळीला जोडून देतील."

नदी ओलांडून जाणं म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायांना कसं जमणार? केतुराबाईने दुसऱ्याच दिवशी डोंगरावरून एक दगड डोक्यावर आणला आणि चिंचेपाशी ठेवला. तिचं पाहून बाकीचेही निघाले. भिंती चढू लागल्या.

मग दाराचा प्रश्न आला. केतुराबाईचे थोरले दीर शमुवेलबाबा वरच्या आळीचे कारभारी होते. ते म्हणाले, "दार आमच्या बाजूला हवं." खालच्या आळीचा बन्यामीन म्हणाला, "आमच्या बाजूला हवं." एकमेकांच्या मागून आत शिरायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी दोन दारं ठेवायचं ठरलं.

"दोन दारांचं मंदिर म्हणजे दोन मंदिरं," केतुराबाई म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

छपराचंही तेच झालं. वरच्यांनी आपल्या अर्ध्या भागावर छप्पर घातलं, खालच्यांनी आपल्या. मधली फट बुजवायला कोणी पुढे आलं नाही. वळवाचा वारा सुटला, फटीतून आत घुसला आणि दोन्ही छपरं उडवून घेऊन गेला. एक भिंतही ढासळली.

वरचे खालच्यांना दोष देऊ लागले, खालचे वरच्यांना. काम थांबलं.

केतुराबाई मात्र रोज येत राहिली. ढासळलेले दगड तिने वेचले, चिखल कालवला, आणि वरच्या आळीचं दार बुजवायला घेतलं.

शमुवेलबाबा धावत आले. "केतुरा, हे काय चालवलंयस? आपलंच दार बुजवतेस?"

"हो, भावजी. आपलंच बुजवायचा मला हक्क आहे. त्यांचं बुजवलं असतं तर भांडण झालं असतं."

"म्हणजे आम्ही त्यांच्या दारातून जायचं?"

"दार राहिलं एकच. आता ते त्यांचं कसं?"

बाबा रागाने निघून गेले. त्या दिवसापासून वरच्या आळीने तिच्याशी बोलणं सोडलं. तिच्या चुलीला कोणी विस्तव देईना, तिचं गवत कोणी घेईना. तरी उजाडलं की ती पुन्हा चिखलात पाय घाली.

खालच्या आळीतून बन्यामीन हे पाहत होता. एका सकाळी तो आला आणि दगड उचलून देऊ लागला.

"वहिनी," थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे आधी आम्ही करायला हवं होतं."

"आता छप्पर करू या, भाऊ," ती म्हणाली. "या वेळी एकच."

दोघांनी मिळून ते दार बुजवलं, ढासळलेली भिंतही उभी केली. मग खालच्या आळीने रानातून भलं लांब आढं आणलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचणारं. पण ते चढवायला त्यांची माणसं पुरेनात. वरच्या आळीचे लोक चिंचेखाली बसून नुसते बघत होते. आढं अर्ध्यावर गेलं आणि एका बाजूने घसरू लागलं. त्या बाजूला केतुराबाई उभी होती. तिचे गुडघे वाकले, तरी तिने खांदा काढला नाही.

शमुवेलबाबा उठले. पागोटं काढून त्यांनी बाजूला ठेवलं आणि तिच्याशेजारी येऊन आढ्याला खांदा दिला. ते उठल्यावर सगळी आळीच उठली.

सुगी झाली आणि बिशपसाहेब आले. आत शिरताना त्यांना भिंतीत निराळ्या बांधणीचा एक पट्टा दिसला. "इथं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"तिथं आमचं दार होतं," शमुवेलबाबाच म्हणाले.

समर्पण झालं. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना मिळून एकच होता. बन्यामीनने घोट घेतला. त्याच्यानंतर शमुवेलबाबांची पाळी होती. क्षणभर त्यांचे हात थांबले. मग त्यांनी प्याला तोंडाला लावला, आणि मागे उभ्या असलेल्या केतुराबाईला पुढे यायला जागा करून दिली.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: दुरावा मिटवायचा असेल, तर समोरच्याने काय सोडावं हे सांगत बसू नये, आपण काय सोडतो ते आधी करून दाखवावं.