म्हाळूची विज्ञानसेवा

एका गावात एक भोळा विद्यार्थी होता. भोळा म्हणजे किती? वर्गात सर म्हणाले, "फळ्याकडे लक्ष द्या," तर हा मधल्या सुट्टीतही फळ्याकडे बघत बसायचा. शेवटी शिपाई दादा यायचे आणि म्हणायचे, "ऊठ बाबा, फळा कुठं पळून जात नाही." मग तो डबा खायला जायचा.

त्याचं नाव म्हाळू. अंगानं धिप्पाड, मनानं गाय. त्याला शास्त्रज्ञ व्हायचं होतं. का, तर शास्त्रज्ञ सांगितलेलं सगळं नीट ऐकतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

म्हाळूच्या कॉलेजात नवी विज्ञान शाखा निघाली होती. पण तिला अजून कायमची मंजुरी नव्हती. मंजुरी द्यायला एक समिती येणार होती. समिती खूश झाली तर शाखा राहणार, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप लागणार आणि पोरं पुन्हा तालुक्याच्या एसटीला लोंबकळणार. शाखेत शिकवणारे इंगवले सर एकटेच. शाखा गेली की तेही जाणार. त्यामुळे समितीला खूश करायला सर काहीही करायला तयार होते.

समितीला विज्ञानाबरोबर समाजसेवाही लागते. म्हणून सरांनी 'विज्ञान आपल्या दारी' असं श्रमदान शिबिर काढलं. शिबिरासाठी गाव दत्तक घ्यावं लागतं. कॉलेजनं स्वतःचंच गाव दत्तक घेतलं. जाण्यायेण्याचा त्रास नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना टी-शर्ट मिळाले, फोटो निघाले, आणि फोटो निघाल्याबरोबर स्वयंसेवक पांगले. कामाला उरला एकटा म्हाळू. त्याला घरी जा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी सकाळच्या भाषणात गावकऱ्यांना बजावलं होतं, "पाणी नेहमी गाळून घ्या, उकळून घ्या, मगच वापरा." भाषण संपल्यावर ते म्हाळूला म्हणाले, "जा, आडाच्या पाण्याचा नमुना घेऊन ये. त्यात किती घाण आहे ते समितीला दाखवू."

म्हाळू गेला. त्यानं आडाचं पाणी शेंदलं, धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलं. मग आईच्या चुलीवर खळाखळा उकळलं, निववलं आणि बाटलीत भरून आणलं.

सरांनी तपासलं. पाणी लख्ख. सरांनी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतली, मग उपकरणावर घेतली, आणि शेवटी म्हाळूकडे बघितलं.

"काय केलंस रे?"

"गाळलं सर. उकळलं सर."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, नमुना आणायचा तर तो जसा असेल तसा आणायचा! पुसायचं नाही, धुवायचं नाही. वर झाकण घालायचं, म्हणजे बाहेरचं काही पडत नाही. आणि तसाच्या तसा माझ्यासमोर आणून ठेवायचा. कळलं?"

"कळलं सर," म्हाळू म्हणाला. आणि त्याला खरोखरच कळलं होतं. सगळा घोटाळा तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी शिबिरातल्या विज्ञान प्रदर्शनाच्या मांडवाचा नारळ फोडायचा होता. सर म्हणाले, "म्हाळू, सरपंचांना घेऊन ये."

सरपंच गेनूआबा तेव्हा अंगणात लाकडी खुर्चीवर बसून दाढी करत होते. अंगात बनियन, कमरेला पट्ट्यापट्ट्याची चड्डी, तोंडाला फेस. एक गाल झाला होता, एक राहिला होता.

"आबा, चला."

"आरं आलोच. एवढा गाल होऊ दे, धोतर नेसू दे."

"नाही आबा. पुसायचं नाही, धुवायचं नाही."

"आं?"

म्हाळूनं दोरीवरची गोधडी काढली, आबांच्या डोक्यावरून झाकण म्हणून घातली आणि आबांना खुर्चीसकट उचललं. गोधडीच्या आतून आबा ओरडत होते, "आरं सोड! आरं मी सरपंच हाय!" पारावरच्या लोकांना वाटलं, ही विज्ञानाचीच काहीतरी नवी पद्धत असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मांडवात खुर्ची टेकवून म्हाळूनं गोधडी ओढली. समोर गावातल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी पदर तोंडाला लावले, मग ताटं खाली ठेवली आणि मग पोटभर हसून घेतलं.

"तसेच्या तसे आणलेत सर," म्हाळू म्हणाला. "फेससुद्धा सांडू दिला नाही."

आबांना घरी पोचवून सर परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. "अरे, कुणालाही असं उचलायचं नसतं! आधी नमस्कार करायचा. विचारायचं, तयारी झाली का, यायची इच्छा आहे का. नको म्हणाले तर गुपचूप परत यायचं. जबरदस्ती करायची नाही. कळलं?"

"कळलं सर."

पुढचं काम सोपं होतं. सर म्हणाले, "वरच्या आळीत पाण्याच्या रांजणांत डासांच्या अळ्या झाल्यात. त्या घालवून ये."

म्हाळू हौसाकाकूंच्या अंगणात गेला. रांजणात वाकून बघितलं. अळ्या वळवळत होत्या. त्यानं हात जोडले.

"नमस्कार. तयारी झाली का?"

अळ्या वळवळल्या.

"यायची इच्छा आहे का?"

हौसाकाकू बाहेर आल्या. "कुनाशी बोलतूस रं?"

"अळ्यांशी, काकू."

"आगं बया! मग काय म्हनत्यात?"

"मान हलवतायत. पण होय म्हणतायत की नाही, ते समजत नाही."

काकूही वाकल्या. दोघांनी बराच वेळ बघितलं. शेवटी काकूच म्हणाल्या, "नाहीच म्हनत्यात बग. माझी सूनबी आशीच मान हलवती." म्हाळूनं पुन्हा नमस्कार केला आणि गुपचूप परत आला.

"सर, त्यांची इच्छा दिसत नाही."

सर खाली बसले. पाणी प्यायले. मग उठून म्हणाले, "अरे, त्यांना काय विचारतोस! भांड्यात साठलेलं पाणी दिसलं रे दिसलं की सरळ उपडं करायचं! कुणाला विचारायचं नाही, मागे-पुढे बघायचं नाही. कळलं?"

"कळलं सर."

"मग आता मांडवात जा. शाळेतल्या मुलींनी प्रदर्शन मांडलंय, सगळं ठीकठाक आहे का ते बघ."

मांडवात मुलींनी कागदाच्या लगद्याचं धरण केलं होतं. धरणाला दरवाजे होते, धरणात निळं पाणी होतं, आणि वर पाटी होती, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. शेजारी काचेच्या पेटीत मासे होते. त्याच्या पलीकडे आर्किमिडीजच्या प्रयोगाची बादली भरून ठेवली होती.

म्हाळू सरांसारखाच कडक चेहरा करून आत गेला. बाहेर आला तेव्हा पाणी खरोखरच जिरलं होतं. सतरंजीत. मुली मासे गोळा करून तांब्यात टाकत होत्या आणि रडत होत्या. त्यातली एक मासा हातात धरूनच म्हाळूच्या मागे धावली.

सरांना बघून मला तर दया येते. चांगला माणूस हो. त्यांनी म्हाळूला मारलं नाही. हात जोडले. "म्हाळू, शास्त्रज्ञ आधी निरीक्षण करतो. हात मागं बांधायचे आणि नुसतं बघायचं. कशाला हात लावायचा नाही, मध्ये पडायचं नाही. काहीही होवो, फक्त बघायचं. एवढं तरी जमेल ना?"

"जमेल सर."

मग सरांनी त्याला कॉलेजमागच्या रोपांच्या राखणीला बसवलं. ही रोपं म्हणजे शिबिराची शान. दरवर्षी रोपं नवी असत, फलक नवा असे, पाहुणे नवे असत, खड्डे तेवढे जुने. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती.

दुपारी शेळ्या आल्या. म्हाळूनं हात मागं बांधले.

शेळ्या राखणारी ठकूआजी लांबून ओरडली, "आरं पोरा, हाकल की! झाडं खात्यात!"

"बघतोय आजी."

"बघतूस काय? दगूड हाण!"

"मध्ये पडायचं नाही आजी. निरीक्षण चालू आहे."

संध्याकाळी सर आले. खड्डे होते, फलक होता, रोपं नव्हती.

म्हाळू आनंदानं म्हणाला, "सर, शेळी आधी आंबा खाते, मग चिंच. करंज तिला आवडत नाही. करंज नुसता हुंगते आणि तुडवते."

सरांच्या तोंडून आपसूक "छान निरीक्षण" असं निघून गेलं, कारण निरीक्षण खरोखरच छान होतं. मग त्यांना रोपं आठवली आणि त्यांचा बांध फुटला. "अरे, बघितलंस आणि पोटात ठेवलंस, त्याचा काय उपयोग! चुकीचं काही दिसलं की तिथल्या तिथं बोंब मारायची! मोठ्यानं! गावाला ऐकू जाईल अशी! समोर कोण आहे याची भीड धरायची नाही! कळलं?"

"कळलं सर," म्हाळू म्हणाला. या खेपेला त्याला फारच चांगलं कळलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं, एक गाडी. सरांनी पहाटेच कडुलिंबाच्या फांद्या तोडून खड्ड्यांत रोवल्या होत्या. शेजारच्या कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. त्या बिचाऱ्यांनी तरी दुसरं काय करायचं? समितीला जे दिसायला हवं असतं ते दाखवावंच लागतं, आणि समितीलाही ते ठाऊक असतं. पाहुण्यांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले, समोर काजूच्या बशा आल्या. अध्यक्षसाहेबांनी भाषणात सांगितलं, "प्रयोगशाळा पाहिली. अत्यंत सुसज्ज आहे."

मग त्यांनी स्वयंसेवकांकडे नजर टाकली. सगळ्यांचे टी-शर्ट घडी मोडून घातलेले, एकाच्याच पायाला चिखल.

"तो मुलगा खरा काम केलेला दिसतोय," साहेब म्हणाले. "ये बाळ. सेवा करताना विज्ञान काय शिकलास, ते दोन शब्दांत सांग."

सरांनी डोळे मिटले.

म्हाळू माइकसमोर उभा राहिला. त्याला भरून आलं होतं. "मी आधी फार चुका केल्या," तो म्हणाला. "पण सरांनी मला शिकवलं. विज्ञान म्हणजे नीट बघायचं, आणि चुकीचं दिसलं की मोठ्यानं सांगायचं."

"वा!" साहेब म्हणाले.

"त्या झाडांना मुळं नाहीत!" म्हाळू ओरडला.

कर्ण्यातून आवाज वेशीपर्यंत गेला. मांडवाबाहेर माणसं गोळा व्हायला लागली.

"तो सूक्ष्मदर्शक आपला नाही! दुसऱ्या साहेबांना झोप लागलीय! तिसऱ्या साहेबांनी काजू बशीसकट पिशवीत टाकलेत! आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही प्रयोगशाळा पाहिलेली नाही! तिला कुलूप आहे, किल्ली सरांच्या खिशात आहे!"

आधी गेनूआबा हसले. त्यांच्या राहिलेल्या गालाचा सूड उगवला गेला होता. मग सगळा मांडव हसला. दुसरे साहेब जागे होऊन टाळ्या वाजवायला लागले.

अध्यक्षसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते पटकन सरांच्या कानाशी वाकले. "शाखा मंजूर. कायमची मंजूर. आत्ता सही करतो. फक्त या मुलाला आवरा, आणि यातलं अवाक्षर मांडवाबाहेर जाता कामा नये."

सरांचा विश्वास बसेना. शाखा राहिली, पोरं राहिली, नोकरी राहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कृतज्ञतेनं म्हाळूकडे बघितलं. जवळच उभ्या असलेल्या म्हाळूनं सगळं ऐकलं होतं. सरांच्या डोळ्यांतलं पाणीही त्यानं बघितलं, आणि आपलं बरोबर चाललंय असं समजून आता मागं हटायचं नाही असं ठरवलं.

"मंडळी, आपली विज्ञान शाखा मंजूर झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर मनात म्हणाले, बस बाळा, आता बस.

"साहेबांची अट एवढीच आहे, की यातलं अवाक्षर मांडवाबाहेर जाता कामा नये!"

साहेब ताडकन उठले. "कसली मंजुरी? मी काही बोललोच नाही!" सही न करताच ते गाडीकडे निघाले, मागोमाग दुसरे, मागोमाग काजूची पिशवी. सर जागच्या जागी मटकन बसले.

म्हाळू गोंधळला. साहेब का रागावले? विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की अट लांबच्या लोकांना नीट ऐकू गेली नसणार. त्यानं माइक तोंडाला लावला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "मांडवाबाहेरच्या मंडळींना ऐकू गेलं का?"

"गेलं, गेलं!" लांबून आवाज आला. "वेशीपत्तुर गेलं!"